गाठीच्या भोवती जे असतं ते

शैलजा मॅडम,

तुम्ही गेल्यापासून माझा फोन थांबत नाहीये. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं कुठून कुठून फोन करतात, थोडी रडतात आणि शेवटी सगळी एकच विचारतात, "मनीषा, तू शेवटपर्यंत भेटत होतीस ना? काय म्हणाल्या मॅडम?" त्यांना वाटतं, तुम्ही काहीतरी मोठं सांगून गेला असाल. मी म्हणते, "नेहमीसारख्याच बोलल्या." आपण शेवटच्या भेटीतही भांडत होतो, हे फोनवर कुणाला कसं सांगू? नाकात ऑक्सिजनची नळी, दोन शब्द झाले की तुम्हाला थांबावं लागत होतं, आणि तरी मी तुम्हाला म्हटलं, "मॅडम, तुम्ही तुमची जुनी थिअरी वाचवायला बघताय." तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, श्वास गोळा केलात आणि म्हणालात, "आणि तू... तुझी."

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी दोन-तीन वाक्यं बोलले आणि खाली बसले. तुमची पदं, तुमचे पुरस्कार, तुमचे शोधनिबंध, हे इतरांनी छान सांगितलं. मला मात्र बोलायचं होतं ते तुमच्याशी. सवयच तशी लागली आहे. काहीही दिसलं की आधी तुम्हाला सांगायचं, तुम्ही ते उलटंपालटं करून बघायचं, आणि मग ते खरं.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती उन्हाळी प्रशिक्षणाला. नुकतीच एमएस्सी झालेली, कोपरखैरण्याच्या एका खोलीच्या घरातून डबा घेऊन निघालेली, आणि मार्कांमुळे जराशी फुगलेली. बरोबरची पोरं नांदेड, सांगली, रत्नागिरीकडून आलेली. आम्हाला वाटलेलं, पहिल्याच दिवशी पांढरे कोट मिळतील, हातात पिपेट येईल, मोठमोठी मशीन बघायला मिळतील. तुम्ही प्रत्येकासमोर एक मायक्रोस्कोप, एक कोरा कागद आणि एक पेन्सिल ठेवलीत. स्लाइडवर स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या गाठीचा काप होता, गुलाबी आणि जांभळ्या रंगात रंगवलेला.

"यात कॅन्सरच्या पेशी सोडून जे जे दिसतंय ते काढा," तुम्ही म्हणालात.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कॅन्सर शिकायला आलो होतो आणि मॅडम सांगतायत, कॅन्सर सोडून काढा. मी हात वर केला. "मॅडम, बाकीचं तर नॉर्मलच असतं ना?"

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "नॉर्मल? कुणी सांगितलं तुला?"

तो अख्खा आठवडा आम्ही पेन्सिल चालवली. मान मोडली, डोळ्यांतून पाणी आलं. पण हळूहळू दिसायला लागलं. त्या स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी होत्याच थोड्या, इथे तिथे बेटांसारख्या. त्यांच्याभोवती लांबट, दोन्हीकडे निमुळत्या पेशी रांगांनी पसरलेल्या आणि त्यांनी विणलेलं तंतूंचं दाट जाळं. या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. जखम झाली की त्या ती जागा भरून काढतात, आणि गाठीच्या भोवती मात्र भरतच राहतात. मधून चेपलेल्या रक्तवाहिन्या. आणि कडेला बारीक, गोल, गडद ठिपके: शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी. गाठीपर्यंत आलेल्या, पण आत न शिरलेल्या.

"आल्या आहेत, पण आत का जात नाहीत?" तुम्ही विचारलंत. कुणालाच उत्तर आलं नाही. तुम्ही म्हणालात, "मलाही येत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलंय."

मॅडम, एवढ्या मोठ्या माणसाने 'मला येत नाही' असं मोकळेपणी म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आमच्या कॉलेजात सगळ्यांना सगळं येत होतं.

त्याच आठवड्यात सांगलीच्या सुयशने आपलं चित्र समजावताना ऐटीत म्हटलं, "मॅडम, ट्यूमर म्हणजे एक शहरच असतं." तुम्ही शांतपणे विचारलंत, "अस्सं? मग रिक्षा स्टँड दाखव." आम्ही पोट धरून हसलो. सुयश लाल झाला. मग तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसलात. "उपमा दिली की आपल्याला समजल्यासारखं वाटतं. वाटतं फक्त. तू मला एक पेशी दाखव आणि ती काय करते ते दाखव. तेवढं जमलं तरी पुष्कळ." आज तो स्वतः पोरांना शिकवतो. परवा फोनवर रडत रडत म्हणाला, "अजून कुणी उपमा दिली की मी रिक्षा स्टँड विचारतो."

प्रशिक्षण संपल्यावर तुम्ही मला पीएचडीला घेतलंत. का घेतलंत, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता राहिलंच.

आमच्या घरी मात्र ते काही कुणाला पटलेलं नव्हतं. आण्णा मार्केटला माथाडी. कांद्याच्या गोणी पाठीवरून वाहून त्यांनी आम्हा भावंडांना शिकवलं. पण शिक्षणाला त्यांच्या मनात एक शेवट होता, आणि माझा शेवट काही येत नव्हता. दुसऱ्या वर्षी साताऱ्याकडचं एक स्थळ आलं. आण्णा मला न सांगता थेट संस्थेत आले, धुतलेला सदरा, टोपी घालून. मी कॉरिडॉरमधून बघते तर ते तुमच्या केबिनच्या दारात उभे.

"म्याडम, पोरगी हुशार हाय, ते आमास्नी ठाव हाय," आण्णा म्हणाले. "पन हे अजून किती दिस चालायचं? आन् ती करती काय, ते आमाला कुनी नीट सांगितलंच न्हाई."

मला वाटलं, आता तुम्ही मुलींच्या शिक्षणावर बोलणार आणि आण्णा मान खाली घालून ऐकणार. तुम्ही खुर्चीतून उठलात. "खरंय दादा. सांगायला हवं होतं. चला, दाखवते."

तुम्ही त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलंत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एक डोळा गच्च मिटला. "दोन्ही उघडे ठेवा," तुम्ही म्हणालात आणि स्लाइड नीट लावून दिलीत.

"ह्यात क्यान्सर कंचा?"

"ही जी गडद बेटं दिसतायत ना, ती."

"एवढाच? मंग ह्यो बाकीचा पसारा?"

"तो काय करतो, ते तुमची मुलगी शोधते. औषध आत का पोचत नाही, गाठ का पसरते, याचं उत्तर त्या पसाऱ्यात असू शकतं. असेलच असं नाही."

आण्णांनी डोळे वर केले. "म्हंजी मिळंलच असं न्हाई?"

"नाही. खोटं नाही सांगणार तुम्हाला."

कोपरखैरण्याला बसमधून उतरल्यावर आण्णा एवढंच म्हणाले, "बाई खोटं बोलत न्हाई. त्या पाव्हन्यांना नंतर कळवू." ते नंतर काही आलं नाही. उलट पुढे कितीतरी दिवस ते गाळ्यावर लोकांना सांगायचे, माझी पोरगी क्यान्सरच्या भोवतीचं बघती. कुणालाच कळायचं नाही. तरी ते सांगायचे.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं.

तुमचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. हे फायब्रोब्लास्ट गाठीला सामील आहेत. तेच जाळं विणतात, तेच रक्षक पेशींना बाहेर अडवून धरतात. ते कमी केले तर रक्षक आत शिरतील आणि गाठ आटोक्यात येईल. तुमची आयुष्याची निम्मी वर्षं या म्हणण्यात गेली होती. तुमचा प्रकल्प त्यावर होता, व्याख्यानं त्यावर होती. मला दिलेलं कामही तेच: उंदरांमध्ये हे फायब्रोब्लास्ट कमी करायचे आणि गाठीचं काय होतं ते बघायचं. काय होणार, ते आपल्याला माहीतच होतं.

तसं झालं नाही. गाठी जरा लहान राहिल्या, पण पसरल्या. यकृतापर्यंत गेल्या. ज्या उंदरांनी जास्त जगायला हवं होतं, ते आधी मेले. मला वाटलं, माझ्याकडून पिंजऱ्यांची अदलाबदल झाली. सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी फोटो घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही सगळे फोटो टेबलावर पसरून बघितलेत. "परत कर," म्हणालात. मी परत केलं. तिसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा तुम्ही माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाहीत. मग फैजलला बोलावलंत. तो माझ्याच बरोबरचा, पण त्याचं काम वेगळं होतं, या प्रश्नाशी देणंघेणं नव्हतं. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही स्वतः बदललात, कुठल्या उंदराला काय दिलंय ते त्याला कळू नये म्हणून. "मनीषाला एक हवं असेल, मला दुसरं हवं असेल," तुम्ही त्याला म्हणालात. "तुला काहीच नको आहे. म्हणून तू बघ."

फैजलने बघितलं. माझंच बरोबर आलं.

त्या शुक्रवारच्या बैठकीत तुम्ही मला अख्खी दुपार दिलीत. आणि प्रत्येक आकड्यावर अडवलंत. एवढे तिखट प्रश्न मला पुढे परदेशातही कुणी विचारले नाहीत. एका प्रश्नाला मी चिडून म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या विरुद्ध जातंय म्हणून तुम्ही विचारताय." फैजलने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"हो," म्हणालात. "म्हणूनच विचारतेय. जे माझ्या बाजूने जातं त्याला मी एवढं विचारत नाही, ही माझी चूक आहे. तुझी नाही. पुढे सांग."

शेवटी तुम्ही उठलात, फळ्यावर तुमचीच जुनी आकृती होती ती पुसलीत आणि म्हणालात, "ठीक आहे. हे खरं आहे." एवढंच. मग चहा मागवलात.

यापुढचं मला नंतर कळलं, तेही फैजलकडून. पुढच्याच महिन्यात आढावा समिती येणार होती. तुमच्या प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की नाही ते ठरणार होतं. माझा निकाल अजून कुठे छापलेला नव्हता. तुम्ही तो बाजूला ठेवला असतात तर कुणी काही म्हणालं नसतं. लोक ठेवतात. तुम्ही तोच सगळ्यात आधी मांडलात. "इतकी वर्षं मी जे सांगत आले ते जसंच्या तसं खरं नाही. माझ्या विद्यार्थिनीने ते दाखवलंय," असं म्हणून माझं नाव घेतलंत. समितीतल्या एकांनी विचारलं, "मग आम्ही या कामाला पाठिंबा का द्यावा?"

"कारण हे आमच्याच लॅबमध्ये सापडलं," तुम्ही म्हणालात.

त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. मुदतवाढ मिळाली ती अर्धवट. लॅबमधल्या दोन जागा गेल्या, आणि उन्हाळी प्रशिक्षण बंद पडलं. मी तुमच्याकडे आले, रडकुंडीला आलेली. म्हटलं, "मॅडम, माझ्यामुळे झालं हे."

तुम्ही एवढ्या चिडलात! "तुझ्यामुळे? तू काय केलंस? उंदरांमुळे झालं. जा, त्यांना जाऊन सॉरी म्हण."

आणि प्रशिक्षण तुम्ही बंद पडू दिलं नाहीत. कोपरखैरण्यातल्या एका शाळेने रविवारी एक वर्ग वापरायला दिला. जुने मायक्रोस्कोप, टॅक्सीत मांडीवर धरून नेलेले. पाचवीच्या पोरांचे बाक, त्यावर एमएस्सी झालेली मुलं गुडघे मुडपून बसलेली, आणि तुम्ही त्या बाकांच्या मधून फिरताय: "कॅन्सर सोडून काढा." फळ्यावर आदल्या दिवशीचं लसावि-मसावि तसंच असायचं. तुम्ही ते पुसायचा नाहीत, सोमवारी लागेल म्हणून. उरलेल्या कोपऱ्यात तुमच्या पेशी काढायचात. मीही यायचे मदतीला. मला ते रविवार फार आवडायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं का मी? बहुतेक नाही.

मी परदेशी जाऊन आले, इथेच परत लागले. तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात, पण यायचं काही थांबवलं नव्हतंत. आणि एक दिवस माझ्या टेबलासमोर बसून म्हणालात, "मनीषा, तू तेव्हा सगळे फायब्रोब्लास्ट उडवलेस ना? पण ते सगळे एक नसतील तर?"

तुमचा नवा मुद्दा असा होता. गाठीला अगदी चिकटून असतात ते एका जातीचे, आणि ते गाठीला आवळून धरतात, पसरू देत नाहीत. थोडे लांब असतात ते दुसऱ्या जातीचे, आणि रक्षक पेशींना अडवतात ते हे. मी दोन्ही उडवले, म्हणून आवळणारे गेले आणि गाठ पसरली. "म्हणजे तुझंही खरं," तुम्ही म्हणालात, "आणि माझंही थोडं उरतं."

मला ते मुळीच पटलं नाही. मला वाटलं, पुसलेली आकृती तुम्ही परत काढताय. मी तसं तोंडावर बोलले. तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन मुद्दे घेऊन आलात. मग हे रोजचंच झालं. नवीन पोरं पहिल्यांदा ऐकून घाबरायची. त्यांना वाटायचं, या दोघींचं आता फाटणार. मग त्यांना दिसायचं, भांडण झालं की आपण एकाच डब्यातलं थालीपीठ खातोय.

मग तुम्हाला तो कोरडा खोकला सुरू झाला. आधी तुम्ही नवी मुंबईच्या हवेला नावं ठेवलीत. मग जिना चढताना थांबायला लागलात. स्कॅन झालं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टर काही बोलायच्या आधी तुम्ही स्वतःच फिल्म उजेडाला धरलीत. फुप्फुसांच्या खालच्या भागात जाळं. फायब्रोसिस. कारण न कळता फुप्फुसात तंतू विणले जातात आणि श्वासाची जागा भरत जाते.

"तेच गं ते," तुम्ही म्हणालात. "आयुष्यभर ज्यांच्यामागे लागले, ते फायब्रोब्लास्ट." आणि चक्क हसलात. मला हसू आलं नाही. मी घरी येऊन आण्णांना सांगितलं तर त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

पण त्यातही तुम्ही काय केलंत? नवीन तुकडी आली होती तिला घरी बोलावलंत. तुमच्या यजमानांनी, प्रभाकर काकांनी, सगळ्यांना पोहे दिले. तुम्ही एका मुलीच्या हातात स्टेथोस्कोप दिलात आणि पाठ पुढे केलीत. "खाली लाव. आता मी श्वास घेते. काय ऐकू येतं?"

ती मुलगी आधी गडबडली. मग म्हणाली, "मॅडम, बुटाची चिकटपट्टी उघडल्यासारखं... चर्रर्र."

"शाब्बास. आता हे तंतू कुठल्या पेशींनी विणले ते सांगा."

उपमा होती ती. तुम्ही चालवून घेतलीत. मी दारात उभी राहून बघत होते. पोरांचे चेहरे पडलेले, आणि तुमचा चेहरा वर्गात असायचा तसा. काका स्वयंपाकघरात निघून गेले. मीही त्यांच्या मागे गेले. ते ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "हिला घाबरायला पण वेळ नाही बघ."

तुम्ही घाबरला होतात का, मॅडम? मी कधी विचारलं नाही. आपण सगळ्या गोष्टींवर भांडलो, त्या एका गोष्टीवर बोललो नाही. मी विषय काढला असता तर तुम्ही बोलला असतात, असं कधीकधी वाटतं. आणि कधी वाटतं, मी ते भांडण चालू ठेवावं, हेच तुम्हाला हवं होतं. बाकी सगळे तुमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. मी एकटीच पूर्वीसारखी ओरडत होते.

शेवटच्या महिन्यांत तुम्ही एकच धोशा लावलात. फायब्रोब्लास्टच्या दोन्ही जाती वेगवेगळ्या रंगात दाखवता येतील अशा अँटीबॉडी आता मिळायला लागल्या होत्या. एकेक अँटीबॉडी एकाच जातीच्या पेशीला जाऊन चिकटते आणि चमकते. आपल्याकडे मेणात जपून ठेवलेल्या जुन्या गाठी होत्या. त्या रंगवून बघायच्या. मी मागवलं सगळं, पण माल विमानतळावर कस्टममध्ये अडकला. तुम्ही रोज फोन करायचात, "सुटला का?" काका मागून ओरडायचे, "अगं तिला काम करू दे."

शेवटच्या दिवशी मी निघाले तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. नळी सरळ केलीत. "खरं निघालं तर... फोन कर," म्हणालात. "खोटं निघालं तर... घरी ये. समोर बसून भांडू."

माल सुटला तो तुम्ही गेल्यानंतर.

स्मशानातून परत आल्यावर मला वाटलं होतं, काही दिवस लॅबचं तोंड बघू नये. पण अँटीबॉडी फ्रिजमध्ये पडून होत्या आणि त्या फार टिकत नाहीत. तुम्हीच ओरडला असतात. म्हणून रंगवल्या स्लाइड्स. सकाळी दार लावून एकटी मायक्रोस्कोपवर बसले. हिरवे ते चिकटून बसणारे, लाल ते लांबचे, पांढरे ठिपके रक्षक पेशींचे. आणि मॅडम, मला तुमचंच दिसलं. जिथे लाल दाट, तिथे पांढरे बाहेर. जिथे लाल विरळ, तिथे पांढरे आत. एकेक स्लाइड बदलत गेले आणि मला रडू येत गेलं. हात फोनकडे गेला होता. काकांनी तुमचा नंबर अजून बंद केलेला नाही.

मग डोळे पुसले आणि स्वतःचीच भीती वाटली. इतकी वर्षं मी तुमचं म्हणणं खोडत होते. आता तुम्ही नाहीत, तर मला ते खरं व्हायला हवं होतं. इतकं हवं होतं, की मला ते कुठेही दिसलं असतं. अशा डोळ्यांवर तुम्ही कधी विश्वास ठेवू दिला नसतात.

प्राचीला बोलावलं. ती घणसोली गावातली, आमच्याकडे नुकतीच आलेली. तुम्हाला तिने बघितलेलंही नाही. स्लाइड्सवरची नावं झाकली, नुसते क्रमांक ठेवले, आणि सांगितलं, प्रत्येक गाठीत लाल किती, हिरवे किती, पांढरे कुठे, सगळं मोज. कशासाठी, ते सांगितलं नाही. ती मोजत राहिली. मी बाहेरून फेऱ्या मारत होते, तुम्ही फैजलच्या वेळी मारल्या असतील तशाच.

काल दुपारी ती बाहेर आली. आकडे माझ्यासमोर ठेवले. बहुतेक गाठींत तुमचं म्हणणं उतरलं होतं. माझ्या डोळ्यांना दिसलं त्याहून थोडं कमी, पण उतरलं होतं. आता तिला सांगायला हरकत नव्हती. मी तिला तुमचं म्हणणं सांगितलं, माझं सांगितलं, आपलं सगळं भांडण सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे मॅडमचं बरोबर निघालं. हे लिहून काढू या."

ती उठली नाही. ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"काय झालं?"

"मॅडम, तीन नंबर बसत नाय."

"कशात?"

"त्यांच्यात पन नाय आनि तुमच्यात पन नाय." बोलायला लागल्यावर तिची भीड चेपली आणि ती सरळ गावाकडचं बोलायला लागली. "लाल दाट हाय, तरी पांढरे आत हाय. आनि सुटे नाय, झुंडीने बसलेत, रक्तवाहिनीच्या बाजूला. मला वाटतं, तुमी दोघी कोन कुठे हाय तेच बघत बसलात. ते आले कुठून, ते कोनी बघितलंच नाय."

मॅडम, पहिल्यांदा मला राग आला. खरंच आला. तुम्हाला जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि ही कालची पोर आपल्या दोघींना खोडून काढतेय, तेही माझ्यासमोर बसून. मग तीन नंबरची स्लाइड लावली आणि बघितलं. पांढरे होते. आत, झुंडीने, ती म्हणाली तिथेच. आपल्या दोघींच्या भांडणात त्यांना कुठेच जागा नव्हती.

मी दार लावून घेतलं, फोन बंद केला, स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "हं, पहिल्यापासून सांग."